दुसऱ्या अंगाने

मनसरच्या खाणीमागून उचललेला दगड,
पाठीवर चुन्यासारखा पांढरा बाण, उत्तर दाखवणारा,
डोमाजी परात्यांच्या करवतीखाली गेला
मी सांगितलं त्या अंगाने.

लॉ कॉलेज चौकातली मे महिन्याची दुपार.
कूलरची खस कोरडी, करवतीवर मात्र पाण्याची धार,
धारेतून वाहणारा राखाडी लगदा.
चकती काचेवर चिकटवून त्यांनी घासली,
थांबून उजेडात धरली, पुन्हा घासली,
भिंगाखाली गारगोटी करडी दिसेपर्यंत.
केसाहून पातळ दगड. आरपार.

आत रेघा होत्या. सरळ, समांतर,
आखीव वहीच्या पानासारख्या.
मी लिहिलं : एक दाब, एक पत्रण.
सोपं निघालं म्हणून बरंही वाटलं.

डोमाजींनी एक डोळा मिटून पाहिलं.
“घडीच्या लांबीनं कापलं, मॅडम.
असं कापसान तं रेघच दिसन.
आडवं कापा, मंग चुणी समजते.”
गोळीबार चौकात त्यांच्या घरी माग होता.
हा माणूस दगडाआधी कापड शिकलेला.

दुसरी चकती व्हायला दोन दिवस.

आणि त्याच रेघा
आता चुणलेल्या, बारीक बारीक, काठापासून काठापर्यंत.
अभ्रकाची पानं पहिल्या दाबाने आडवी निजवलेली,
दुसऱ्याने उठवून कुशीवर वळवलेली.
चुणीच्या उतारांवरची गारगोटी
विरघळून हळूहळू निघून गेली
आणि वळणावर जाऊन साचली.
उतारावर राहिलं नुसतं अभ्रक,
दाट, काळसर, एका दिशेने उभं.
हीच नवी पत्रण.
तडा नाही. फुटायची वेळ आलीच
तर कुठून, एवढं ठरवून ठेवलेलं.

दोन नव्या रेघांच्या मध्ये
जुनी अजून होती, वाकून,
जागा न सोडता.

मग कोपऱ्यात एक तामडा,
त्याच्या पोटात याहून जुन्या रेघा,
बाहेरच्या कशाशीच न जुळणाऱ्या.
वाढताना भोवती जे होतं ते त्याने गिळलं.
बाहेर सगळं पुन्हा वळलं, मळलं, पुसलं गेलं,
याच्या आत तसंच राहिलं.

“तीन,” मी म्हणाले. तीनदा घडी.
“दिसतात तेवढ्या तीन,” डोमाजी म्हणाले,
आणि बाकावर टेकून पाणी प्यायले.
“आमची माय सालातून एकदा पेटी उघडे,
लुगड्याईच्या घड्या मोडे, दुसरीकडून घाले.
एकाच घडीवर ठेवलं तं तिथंच चिरते.
पण जुनी मोड काई जात नाई.
उजेडात धरलं का आडवीतून उभी दिसतेच.”

या दगडाची पेटी कुणी उघडली,
त्याला काय जपायचं होतं,
की जपायचं नव्हतंच काही,
माझ्या प्रबंधात त्याला रकाना नाही.
मी आधीचं वाक्य खोडलं. खोडलेलं वाचता येत होतं.

साडेपाचला दारातल्या नव्या हजेरी यंत्रावर
डोमाजींनी अंगठा ठेवला.
एकतीस वर्षं कार्बोरंडमची पूड
काचेवर गोल गोल फिरवणारा अंगठा,
भिंगाच्या काचेसारखा गुळगुळीत.
पुन्हा प्रयत्न करा, यंत्र म्हणालं.
त्यांनी तो शर्टाला पुसला, ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांगेत कुणीतरी हसलं, तेही हसले,
आणि अंगठा जरा कलता करून
कडेने टेकवला,
जिथे थोडं काही उरलं होतं.